टिपणं घेऊ नयेत

मला कामावर घेतलं ते टिपणं घेण्यासाठी
आणि पहिल्याच सकाळी बजावलं : टिपणं घेऊ नयेत.
म्हणून हे सगळं आठवणीतून. चुका माझ्या.

सायप्रसच्या डोंगरातलं हॉटेल, जानेवारीत बंद असलेलं.
चार माणसं आली, कागदोपत्री कुणीच आलं नाही.
एल्याकीम, निवृत्त ब्रिगेडियर, सुट्टीवर होता;
तौफिक वकील आला होता म्हणे गुडघ्यासाठी हवापालट करायला;
बीरशेबाची नेहामा खडक बघायला
(हे मात्र खरं, जाताना तिने खिसे भरून नेले);
आणि तुलकरेम नगरपालिकेचा पाणीवाला फखरी
खोटं सुचेना म्हणून गप्प राहिला.

विषय मुद्दाम सोपा ठरवलेला : पाणी.
जेरुसलेम नको, वस्त्या नकोत, कैदी नकोत.
एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं
तीन दिवस पाण्याबद्दल बोलणार होती.

जेवणाच्या टेबलावर नेहामाने नकाशा पसरला.
जमिनीखालचा. निळा, फिकट निळा, करडा.
पाऊस पडतो फखरीच्या डोंगरांवर,
चुनखडीतून मुरत जातो, कुणाला न विचारता,
आणि वर येतो पश्चिमेला, तिच्या लोकांच्या झऱ्यांत.
तौफिकने चष्मा पुसून दोनदा शोधलं.
"सीमा काढायला विसरलात?"
"खाली नाहीच ती."
"वर आहे," फखरी म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.
"वर, माझ्या विहिरीवर, तुमचं मीटर आहे."
तेवढ्यात क्रिस्तल्ला ताटं घेऊन आली,
तिला टेबल हवं होतं. नकाशा गुंडाळला.

सातव्या कलमावर अडलं.
एल्याकीम म्हणाला, 'गरज' लिहा, गरज मोजता येते.
तौफिक म्हणाला, गरज गुरांनाही असते, 'हक्क' लिहा.
रात्री एकपर्यंत.
आपापल्या शब्दावर पाणी सोडायला
दोघंही तयार नव्हते.

दुसऱ्या रात्री थंडीने तळघरातला पाइप फुटला.
नेहामाच्या दातांत टॉर्च, फखरी पोटरीभर पाण्यात,
कॉक डावीकडे फिरतो की उजवीकडे यावरून
एकमेकांवर ओरडत होते, अगदी मोकळेपणाने,
आणि ब्रिगेडियर जिन्यात पोतेरं पिळत बसलेला.
मी याचा अर्थ काढणार नाही.
पाइप फुटला की कुणीही धावतं.

अकरा कलमं झाली. सातव्यात दोन्ही शब्द, दोन्ही कंसात.
सही कुणाचीच नाही.
कच्चे कागद क्रिस्तल्लाने चुलीत घातले.
महिन्याभराने बातमी फुटली, तेव्हा
अशी बैठक झालीच नाही, यावर मात्र
दोन्हीकडच्या प्रवक्त्यांचं एकमत झालं.

आमच्याही बेटावरून एक रेघ जाते.
माझ्या आईचं लिंबाचं झाड तिच्या पलीकडे राहिलं.
पण त्याच रेघेखालून निकोसियाचा मैला,
इकडचा आणि तिकडचा, एकत्र वाहत जातो
कित्येक वर्षं. त्यावर कुणी भाषण केल्याचं
मी ऐकलेलं नाही.

फखरी मला कधीमधी फोन करतो. त्याच्याकडून कळलं :
दर गुरुवारी रात्री नेहामाचा फोन येतो.
विचारते एवढंच, "टाकीत किती?"
तो गच्चीवर जातो, काळ्या टाकीत काठी बुडवतो,
"चार बोटं."
मग तो तिच्या मुलाचं विचारतो.
"परत गेलाय," ती म्हणते.
कुठून परत, कुठे परत, तो विचारत नाही.
मग कितीतरी वेळ दोघं
फोन नुसता धरून ठेवतात.
बिल कुणाचं येतं, हे मी विचारलं, तो हसला.

गेल्या गुरुवारी दोन बोटं होती.
एवढं मी लिहून घेतलं.