परतण्याआधीचे सहा आठवडे

घर रिकामं केलं तेव्हा
दोन बॅगा उरल्या, आणि सहा आठवडे.
लिस्बनच्या चढावर हेमांगीची चप्पल तुटली.
त्रिएस्तला आम्ही कडकडून भांडलो,
समुद्राकडे पाठ करून:
घर सीवूड्सला घ्यायचं की कोलशेतला.
दक्षिण फ्रान्सात फ्लेमिंगोंसाठी
पहाटे चारला उठलो.
दलदल, डास,
आणि गाईडचं तेवढं ‘सॉरी’.

परवा सीवूड्सच्या गॅलरीत
ती चादरी वाळत घालत होती.
तोंडात चिमटा, म्हणून बोलता येईना,
नुसतीच हात हलवत राहिली.
मागच्या तळ्यात
गुलाबी गर्दी, एकेका पायावर.

मी चष्मा शोधून येईतो
शेजारच्या घरतकाकू म्हणाल्या,
‘रोहित ना? येतात दरवर्षी.
पाऊस लागला की जातील.’

हेमांगीने चिमटा काढला,
काही म्हणाली नाही.
उरलेली चादर पुन्हा एकदा पिळली.