हालु, हल्लु

टोला मीच मारला होता, हे आधी सांगून टाकते.
सातेरी समोर उभा, तोंड उघडं,
"आली, आली" म्हणून ओरडत होता,
आणि विटी आली.

रविवार, साडेचार. गर्लगुंजीच्या शाळेमागचा माळ.
दात मातीत पडला होता, अख्खा, मुळासकट.
एवढा लांब असतो दात?
बाहेर दिसतो त्याहून आत जास्त.

काकूनं हळद आणली, मग मीठ.
कुणी म्हणालं, लवंग धर.
कुठं धरू? जागाच रिकामी.
कल्लाप्पा म्हणाला, टाक कौलावर, उंदराला सांग नवा दे.
"दुधाचा न्हवं तो," आई म्हणाली,
"दुधाचे पडून झाले याचे."
आणि खाली बसली.

डेअरीवर संध्याकाळचं दूध सुरू झालं होतं.
भरमाण्णा रांग सोडून आला.
"मुळाला हात लावू नको. घासू नको. पदरानं तर पुसूच नको."
वरच्या टोकाला धरून दात उचलला,
अर्ध्या लिटरच्या मापात सोडला,
गावड्यांच्या म्हशीचं दूध वर ओतलं, फॅट न बघता.
"तासाच्या आत बेळगाव. खानापुरात आज कुलूप."
कुठं शिकलास, असं कुणी विचारलं नाही.
त्याचे पुढचे दोन खोटे आहेत, गावाला ठाऊक आहे.

मोटरसायकलवर पुढं तो, मध्ये रुमाल चावून धरलेला सातेरी,
मागं मी, मापावर तळहात झाकून.
नंदिहळ्ळी. देसूर. पिरनवाडी.
दर गतिरोधकाला दूध बोटांतून वर येई,
मी चाचपून बघे, आहे काय, आहे.
उद्यमबागेत फौंड्रीचा वास,
आणि दुसऱ्या गेटाला गेट बंद.
मालगाडी.
बाजूचा भजीवाला म्हणाला, "दूध कुणाच्यात पोचवायचं, बाय?"
सत्तावन्न डबे मोजले मी. अठ्ठावन्नावा गार्डाचा.

पहिल्या दवाखान्यात खिडकीतला माणूस म्हणाला,
"हल्लिंदु इल्ला, नाळे बन्नि."
दोन गोळ्या लिहून दिल्या.
उद्या या. उद्या!
दारावरचा वॉचमन विडी विझवत मापात वाकला,
म्हणाला, दातांच्या कॉलेजात जावा, मागल्या बाजूनं,
लाइट दिसंल, एक शिकाऊ पोरगी असतीया रविवारची.

लाइट होती.
ती कागदातले चिरमुरे खात होती,
माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठी.
वाटेत मी वाक्य जुळवून ठेवलं होतं,
मराठी शाळेतलं पाचवीपासूनचं कन्नड सगळं गोळा करून.
तोंडातून निघालं, "हालु बित्तु."
दूध पडलं.
ती हसली नाही. मापात बघितलं,
जीभ टाळूला दाबून हळू म्हणाली, "हल्लु."
मग माझ्याकडं बघत, "एष्टु होत्तु?"
"तास," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.
"ओंद तासु?"
तासु.
हा शब्द तिच्याकडंही होता.
मी एवढी जोरात मान हलवली की दूध सांडलं.

तिनं चिरमुरे खिशात टाकले, हात धुतले, हातमोजे चढवले.
सातेरीला म्हणाली, "बायि तेगि,"
त्यानं न कळताच उघडलं.
दार बिजागरीत बसावं तसा दात आत गेला,
आवाज आला की मला वाटलं, कोण जाणे.
मग बारीक तारेनं दोन्ही शेजाऱ्यांना बांधून टाकला.
पंधरा दिवस भाकरी कुस्करून, ऊस नाही.
माझ्या तळहातावर दुधाची साय सुकली होती.

चार वर्षांनी तो दात काळसर पडला. आतली नस मेली, म्हणाले,
पुन्हा त्याच कॉलेजात नेलं, ती तिथं नव्हती.
खरं दात आहे अजून.
सातेरी आता त्याच उद्यमबागेत साचे भरतो,
भाकरी डाव्या बाजूनं खातो,
हसला की मी आधी तो एक बघते, मग त्याला.

माप तिथंच राहिलं, टेबलावर.
भरमाण्णानं डेअरीच्या वहीत माझ्या नावावर लिहून ठेवलंय:
अर्धा लिटर, उधार.