कानात खिळा

गायमुखच्या चढावर कंटेनर आडवा झाला
आणि डहाणूला जेवायच्या वेळी पोचायचं
आमचं गणित तिथंच संपलं.
कासारवडवली सोडल्यावर डावीकडे पिवळी पाटी:
जुन्या बंदुकांचे संग्रहालय. पार्किंग आत.
पार्किंग वाचून मी वळले.

मागून रेवानं विचारलं,
"घोडबंदर म्हणजे घोडा अधिक बंदूक ना?"
बाबांना ऐकू गेलं नसावं.
मला सांगायचा कंटाळा आला.

तळमजला. आधी टाइल्सचं दुकान असणार,
भिंतीवर अजून नमुन्याच्या सहा फरश्या,
त्यांच्याखाली तोड्याची, चकमकीची, ठासणीची,
दस्त्यांवर हस्तिदंत, कुठं नुसती चुंबळ दोरीची.
तिकीट फाडतात त्या वैतीबाई,
पंखाही त्याच लावतात,
आणि दर सोमवारी नळ्यांना तेल देतात.

"कसलं तेल?"
सकाळपासूनचं बाबांचं पहिलं वाक्य.
"शिलाई मशीनचं."
"चालेल. पण पुसून काढा मागून.
राहिलं तर धूळ धरतं."

मग ते दोघं पुढं, आम्ही मागं.
चिठ्ठ्यांवर लिहिलेलं: कुणाची, कुठली लढाई, किती पडले.
बाबा चिठ्ठ्या वाचत नव्हते.
वाकून एकेका नळीच्या तोंडात बघत होते,
डॉक्टर घशात बघतो तसे.

आणि वैतीबाईंना सांगत होते,
मला कधीच न सांगितलेलं:
अंबरनाथच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
रायफल शिकंज्यात आवळायची,
भिंतीआड उभं राहून दोरी ओढायची.
समोर वाळूचा ढीग.
दिवसाला तीनशे बार.
उभ्या जन्मात पाखरू मारलं नाही, बाई.
शनिवारी वाळू चाळायची,
शिसं एकीकडे, वाळू एकीकडे,
सोमवारी परत तीच वाळू.

"वाळू कुठली?"
हे मला सुचलं नसतं.
"खाडीची. कशेळीकडून यायची."
"आमचा बापूस तिथंच डुबी मारायचा रेतीला,"
वैतीबाई म्हणाल्या,
"वर आला की कानातनं रगत."
बाबांनी मान हलवली,
ओळखीचा माणूस भेटल्यावर हलवतात तशी.

दाराशी बुटकी तोफ.
रेवा तिच्यावर बसायच्या बेतात.
पाठीवर बारीक भोक, त्यात गंजका खिळा,
पार आत ठोकलेला.
"हा तोफेचा कान. गड सोडून पळायची वेळ आली
की कानात खिळा मारायचा.
मग ती कुणाचंच ऐकत नाही,
घेणाऱ्याचं नाही, सोडून गेलेल्याचंही नाही."

बाबांनी करंगळी खिळ्यावर ठेवली.
तीच मग उजव्या कानाशी नेली,
खाजवल्यासारखं केलं.

आई म्हणायची, मुद्दाम ऐकत नाहीत.
जाईपर्यंत तेच म्हणत राहिली,
दवाखान्याच्या कॉटवरसुद्धा,
त्यांच्या उजव्या बाजूला.

बाहेर गाड्या हलायला लागल्या होत्या.
मी पुढचं दार उघडलं.
ते मागं गेले, माझ्या सीटमागं सरकून बसले.
"इथनं हिचं ऐकू येतं," म्हणाले,
डावा कान रेवाकडे करून.

म्हणजे डोंबिवलीच्या सिग्नलपासून
मी जे जे बोलत आले,
फ्लॅट विकण्याबद्दल, दादाबद्दल,
त्यांनी आमच्याकडे कायमचं यावं याबद्दल,
ते सगळं वाळूत.

रेवानं घोड्याचं पुन्हा विचारलं.
घोडा दोन जातींचा, बाबांनी समजावलं,
एक गवत खातो, एक चाप ओढला की पडतो;
इथं बंदरात उतरायचे ते पहिले.
तिला ते पटलं नाही.
थोडा वेळ गप्प राहून म्हणाली,
"आजोबा, ती वाळू शत्रूची होती का?"

मी आरशात बघितलं.
वर्सोव्याच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला,
खाली भरती लागली होती,
बाबा अजून विचार करत होते.