बाबा कामात आहेत

सुदामानगरात, मागच्या अंगणात
यांनी विटा रचून बदकांना हौद केला.
त्याआधी महिनाभर नंदनचा अंघोळीचा टब होता,
निळा, माळ्यावरून काढलेला, एका कडेला चिरलेला.

सकाळी पोहे होतात. पहिली बशी बाहेर जाते,
जिरावन न घालता, शेव न भुरभुरता.
"मीठ सोसत नाही त्यांना," हे म्हणतात.
मला काय सोसतं ते चाळीस वर्षांत
विचारायचं राहून गेलं. असू दे.

बदकं दोन, मालक आणि मुनीम.
मालक पुढे चालतो, मुनीम मागून ओरडतो.
कोंबडी एकच, वेणू.
अंडी द्यायची तेव्हा आमच्यात कुणी खात नव्हतं,
ती पलीकडच्या शबनमकडे जायची, कापसात गुंडाळून.
दोन वर्षं झाली, तेही बंद.
डॉक्टर म्हणाला, "साहेब, आता हिचं काय करणार?"
यांनी फी दिली. चहा विचारला नाही.

थंडीत तिला माझ्या शालीचा तुकडा.
माझ्यादेखत कापला, अगदी सरळ,
या माणसानं, ज्यानं वीजमंडळात
उभ्या जन्मात कुणाचं थकलेलं बिल सोडलं नाही.

काल तिन्हीसांजेला फोन वाजला. नंदनचा, महिन्यानं.
वेणू यांच्या पावलावर बसलेली,
मान पिसांत खुपसून.
मी दारातून म्हटलं, घ्या ना.
हे हलले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं,
नंदन तान्हा असताना मी ठेवायचे तसं,
हे बूट वाजवत घरात शिरायचे तेव्हा.

फोन मीच घेतला.
म्हटलं, बाबा कामात आहेत.