सातची गाडी

सकाळी सातला कचऱ्याची गाडी गात येते
आणि जिरू पलंगाखाली जातो.
ती गाडी जात नाही अशी गल्ली
अख्ख्या इंदुरात मला सापडलेली नाही.

विजयनगरहून एक कुटुंब आलं, नवाकोरा लाल पट्टा घेऊन.
मुलीने विचारलं, हात देतो का?
म्हटलं, अजून नजरही देत नाही.
अन्नपूर्णेकडच्या बाईंना राखणदार हवा होता.
एकाने फोटोवरूनच सांगितलं,
शेपूट आतच दिसतेय. नको.

मग लोकमान्यनगरचे मुळ्ये आले,
घड्याळं दुरुस्त करणारे, एका कानाने बहिरे.
हाक नाही मारली, बिस्कीट नाही दाखवलं.
घराकडे पाठ करून पायरीवर बसले,
म्हणाले, मटार असतील तर द्या, सोलतो.

अर्धा किलो झाले. चहा दोनदा झाला.
पलंगाखालून आधी नाक आलं,
मग उजवा पंजा, तो भाजलेला.
मुळ्यांची चप्पल त्याने बराच वेळ वाचली.
ते वळले नाहीत.
एक दाणा मागे सरकवला फक्त,
चुकून सांडावा तसा.

कागदावर सही करताना विचारलं त्यांनी,
नाव बदललं तर चालेल?
मी नाही म्हटलं.
फारच मोठ्याने म्हटलं असणार,
त्यांना ऐकू गेलं.

आज सातला गाडी आली.
मी उठले, सवयीने खिडकी लावली
आणि तिथेच उभी राहिले.
लोकमान्यनगरला ती किती वाजता पोचते,
विचारायचं राहूनच गेलं.