बेकू

बेनाडीच्या अंगणवाडीत एका भिंतीवर कन्नड अक्षरं,
समोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली मराठी,
मधे खिडकी. तिला दार नाही,
म्हणून शेवंताक्कांनी खताचं पोतं अडकवलंय.

माझ्या पिशवीत चौसष्ट प्रश्नांचा तक्ता.
मूल किती शब्द बोलतं.
बोलावल्यावर मान वळवतं का.
घरची भाषा कोणती, एकच लिहा.

हे ‘एकच लिहा’ मीच छापून घेतलं होतं,
धारवाडला, पंख्याखाली बसून.

त्रिशला आली. कडेवर पार्श्व, अडीच वर्षांचा,
तिच्या मंगळसूत्राचा एक मणी तोंडात.
किती शब्द बोलतो?
तिनं बोटांवर मोजले : आई, नको, बस, भुर्र.
आणखी?
करंगळी तशीच उभी राहिली.

सासू उंबऱ्यातनं म्हणाली,
“चिक्कोडीच्या डॉक्टरनं सांगिटलंय की ओ,
दोन भाषांनी पोराचा घोळ होतोय,
घरात एकच बोला.
तवापासनं हिचं कन्नड बंद केलंय.”

बंद केलंय.
मळ्यातली मोटर बंद करावी तसं.

त्रिशला रायबागकडची.
मराठी तिला येते ती कामापुरती :
जेवला काय, मीठ संपलं, दार लोटा.
एवढ्या मराठीत पोराला अंघोळ घालता येते,
अंघोळ घालताना बोलता येत नाही.
लटकं रागवता येत नाही,
कावळ्यानं घास नेला म्हणून खोटं रडता येत नाही.
तेव्हा ती गप्पच घालते.
तांब्या वाजतो, पाणी वाजतं,
पोरगं दोघांकडं बघतं.

मी तक्ता चाळला, मागून पुढून.
आई किती बोलायची थांबली
याला रकाना नव्हता.

मग मी म्हटलं, मावशी, आधी कान तपासून घेऊ,
ते मी बघते, निपाणीला नेऊ.
खरं हिला बोलू द्या, हिच्या भाषेत, पोटभर.
दोन भाषांनी पोर मुकं होत नाही.
सासूनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं.
“तुमी कुठल्या बाजूच्या?”
खानापूरची, म्हटलं.
त्यातनं तिला काही कळलं नाही.

गुरुवारी चिंचेखाली बायका शेंगा फोडायला बसतात,
पोरं मांडीला, टरफलं सगळीकडं.
मी एवढंच शिकवते : विचारा, आणि थांबा.
पोराच्या तोंडातला शब्द आपण ओढून काढू नका.
मनात दहा मोजा.
कुणी एक दोन तीन मोजतं,
कुणी ओंदु एरडु मूरु,
बशीरा उर्दूत मोजते आणि सातलाच हरते,
“बाई, जीव ऱ्हात न्हाई ओ!”

पहिल्या गुरुवारी त्रिशला नुसती शेंगा फोडत होती.
दुसऱ्या गुरुवारी पोराच्या कानाशी काहीतरी पुटपुटली,
चोरून गूळ द्यावा तशी.
कानांचा कागद आला, कान चांगले होते.
तिसऱ्या गुरुवारी मला ऐकू आलं :
“नोडो, गुब्बी नोडो,”
आणि चिमणी खरंच होती, टरफलांत.

चौथ्या गुरुवारी खिडकीतलं पोतं हललं,
मांजर आलं, बसलं.
पार्श्वनं बोट केलं. मणी तोंडातनं पडला.
“बेकू.”

शेवंताक्का म्हणाल्या, बेक्कु! मांजर म्हणाला!
“न्हाई ओ,” सासू पुढं सरकली,
“बेकु म्हणतोय, पायजे म्हणून.
शेंगा बघालाय न्हवं तो? येनु बेकु, कूसा? येनु बेकु?”
तिच्या तोंडचं कन्नड मी पहिल्यांदा ऐकलं.
त्रिशलानंही, बहुतेक.
तिचा हात टरफलांत तसाच राहिला.

मांजर, की पाहिजे?
माझी पेन्सिल कागदावर टेकून उभी.

त्रिशलानं काही ठरवलं नाही.
एक शेंग त्याच्या मुठीत दिली,
मांजराकडं बोट केलं,
आणि थांबली.
ओठ हलत होते, ती मोजत होती,
कुठल्या भाषेत ते मला दिसलं नाही.
पोरगं शेंगेकडं बघत होतं, मग मांजराकडं.
ती सहावर असेल, फार तर सातवर.