वाइंडिंग

पाणबुडी मोटर टेबलावर आडवी,
पोट उघडं, जळक्या तारेचा वास दुकानभर.
लाइट सकाळपासून नाही.
मी पक्कडीनं काळं तांबं ओढून काढतोय
आणि समोरच्या बाकावर
दोन माणसं देश चालवताहेत.

खाचणे साहेब, पाटबंधारे, निवृत्त.
ज्या चपलेनं चाऱ्या तुडवल्या
तिचाच जुळा जोड अजून पायात.
म्हणतात, हतनूरचं धरण कुणी बांधलं?
सावद्याला रूळ कुणी टाकले,
की केळी आपणच चालत गेली दिल्लीला?
खांब नसता, भो, तर तुझी ठिबक
काय उदबत्तीवर चालली असती?

भंगाळे, नळ्यांचे डीलर, मांडी बदलतात.
खांब तुमचा, साहेब, कबूल.
त्यात वीज येते रात्री दीडला, तेही कबूल करा.
टिश्यूचं रोप फायलीत उगवलं नाही.
माझ्या साडूनं निंभोऱ्यात शेड टाकली,
पहिली बॅच सडली,
दुसरी सडली,
तिसरीला अठ्ठावीस किलोचा घड.
तुमच्या खात्यात तिसरीपर्यंत
साहेबाची बदली झाली असती.

शेडला सबसिडी कुणाची होती?
ती मिळायला चकरा किती झाल्या?

चहा येतो. फैजपूरचा, गोड, अर्धा कप.
दोघंही पितात,
पैशाचं कुणी काढत नाही.

मला कुणी विचारलं नाही, पण सांगतो.
मी भुसावळच्या आयटीआयचा.
तिथली मोटर जाळीत कुलूपबंद होती,
फळ्यावरची मात्र सुरेख फिरायची.
हात शिकला तो गुलाबशेठच्या दुकानात,
दोन वर्षं झाडू मारून, तिसऱ्या वर्षी
त्यांनी पहिल्यांदा तार हातात दिली.
शेठ गेज बघून चूक सांगायचे,
पण ती चूक का होते
ते फळ्यावरच्या मोटरीनं सांगितलं होतं.
आणि या गाळ्याचं पहिलं वर्षभराचं भाडं
हुस्नानं परकर शिवून भरलं.
ते कुठल्या खात्यात टाकायचं
या दोघांना माहीत नसावं.

मोटरीत एक भाग जागचा हलत नाही,
दुसरा त्याच्या आत फिरतो.
मध्ये नखाएवढी फट.
घासले की जळतात,
फट वाढली की जोर जातो.
हे बोलायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
फारच जुळतंय असं वाटलं.
इतकं जुळणारं मी बिलातसुद्धा लिहीत नाही,
गिऱ्हाइकाला संशय येतो.

तेवढ्यात सुलभाबाई फिरके आल्या,
स्कूटी बाहेर चालूच ठेवून.
मोटर त्यांचीच.
म्हणाल्या, तडवीभाऊ, साडेसातची नको आता,
दहाची बघा जुनी कुठे असली तर.
आणि केबल साठ फूट जास्त.
पाणी खाली गेलंय.

किती खाली, साहेबांनी विचारलं.
साठ फूट, आताच सांगितलं ना.
बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही.

धरणाचं श्रेय घेऊन झालं होतं.
रोपाचं झालं, रुळांचं झालं,
खांबासाठी तर दोघं हमरीतुमरीवर आले होते.
या साठ फुटांसाठी
कुणी हात वर केला नाही.
भंगाळे नळीच्या तुकड्यातून रस्ता बघत राहिले,
डोळ्याला लावून, दुर्बिणीसारखा.
साहेबांनी चपलेचा अंगठा नीट केला.

मी नवी तार घातली. एकोणीस, वीस, एकवीस.
बाईंनी जाता जाता
टपरीवाल्या पोराला दोन्ही चहाचे पैसे दिले.
बावीस.

मग लाइट आली.
माथ्यावरचा पंखा कुरकुरला, सुटला,
आणि दोघांनीही मान वर करून
त्याच्याकडे असं पाहिलं,
जणू आपणच फिरवला.

माझे फेरे मोजायचे चुकले.
सगळी तार काढली,
पुन्हा एकपासून.